दर्भाचा कावळा

थोरल्या काकांचा दहावा संगम माहुलीला केला. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे. काकांना मुलगा नाही, एकच मुलगी, आमची ताई. म्हणून क्रियेला बसले धाकटे काका, म्हणजे अण्णा. अण्णांनी तीस वर्षं हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवलं. घरात सत्यनारायण निघाला की बाजारहाट अंगावर घेऊन दिवसभर बाहेर राहणारे. त्या दिवशी मात्र डोकं भादरून, ओलेत्याने, भाताच्या पिंडांसमोर बसले होते.

पिंड मांडले, वर काळे तीळ पडले. काकांना आवडायची म्हणून शेजारी एक जिलबी ठेवली आणि आम्ही सगळे दहा पावलं मागे सरलो. झाडावर सात-आठ कावळे होते. एकही उतरेना. दहा मिनिटं गेली. मग कुणीतरी म्हणालं, "काही राहिलं असेल त्यांच्या मनात. बोला." एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलू लागला. वाटणीचं बोलून झालं, विहिरीच्या पाण्याचं झालं. शेवटी अण्णा उठले आणि वर्गात बोलायचे तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "दादा, वहिनीचं औषधपाणी माझ्याकडे. शेवटपर्यंत."

कावळा आला नाही. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, दर्भाच्या चार काड्या घेतल्या, पीळ दिला, गाठ मारली, कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला. "शिवला," म्हणाले. अश्मा, म्हणजे दहा दिवस मृताच्या जागी मानलेला दगड, पाण्यात सोडला. मंडळी चहाला गेली.

परतताना गाडीत मी अण्णांना नको तो प्रश्न विचारला, "तुमचा विश्वास आहे यावर?"

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कशावर?"

अण्णा टाळत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं की मी नक्की कुठल्या गोष्टीबद्दल विचारतोय. मलाही सांगता आलं नाही. पुढे वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की धर्माचं तत्त्वज्ञान नावाची एक अख्खी शाखा या 'कशावर'पाशी येऊन अडली होती आणि गेल्या शंभरेक वर्षांत हळूहळू त्यातून वाट काढते आहे.

विद्यापीठात हा विषय घेतलात तर अभ्यासक्रम साधारण ठरलेला असतो. देव असल्याचे पुरावे, ते खोडणारे युक्तिवाद, देव दयाळू आणि सर्वशक्तिमान असेल तर जगात एवढं दुःख का, चमत्कार घडतात का, मेल्यावर काही उरतं का. प्रश्न मोठे आहेत, त्यांना हसण्याचं कारण नाही. पण या सगळ्यामागे एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते: धर्म म्हणजे मुळात काही विधानं. माणूस आधी ती विधानं खरी मानतो आणि मग त्याप्रमाणे वागतो. डोक्यात मत, हातात त्याची अंमलबजावणी. तेव्हा तत्त्वज्ञाने हाताकडे बघायचं कारणच नाही; डोक्यातलं विधान तपासलं की काम झालं. माहुलीच्या घाटाला हे लावून बघा. 'आत्मा दहा दिवस घुटमळतो, इच्छा पुरी झाली की कावळ्याकरवी पिंड शिवतो.' खरं की खोटं? खोटं. मग घाटावरची पंचवीस माणसं मूर्ख. घंटा झाली, तास संपला.

या पद्धतीचा सगळ्यात मोठा कारागीर जेम्स फ्रेझर. केंब्रिजच्या ग्रंथालयात बसून त्याने जगभरच्या चालीरीती गोळा केल्या आणि १८९० साली 'द गोल्डन बाऊ' या ग्रंथाची पहिली आवृत्ती काढली. पुढे तो बारा खंडांपर्यंत फुगला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की जादूटोणा हे फसलेलं विज्ञान आहे. शत्रूच्या बाहुलीला सुई टोचली की शत्रू मरतो असा 'रानटी' माणसाचा चुकीचा सिद्धांत असतो, आणि त्या सिद्धांतापोटी तो सुई टोचतो. माहिती गोळा करण्यात फ्रेझरचा हात धरणारा कुणी नव्हता. समजून घेण्याबाबत तसं म्हणता येत नाही.

लुडविग विटगेनस्टाइन या ऑस्ट्रियातून आलेल्या, केंब्रिजमध्येच शिकवणाऱ्या तत्त्वज्ञाने १९३१ च्या सुमारास फ्रेझर वाचायला घेतला आणि वैतागून टिपणं काढली. ती छापून आली १९६७ साली, तो जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. त्यातले दोन-तीन मुद्दे आपल्या घाटासाठीच लिहिलेत असं वाटतं. तो म्हणतो, शत्रूच्या चित्राला भोसकणारा हाच माणूस आपली झोपडी खऱ्याखुऱ्या लाकडाची बांधतो आणि बाण नीट तासून करतो, झोपडीचं चित्र काढून त्यात राहायला जात नाही. म्हणजे कार्यकारणभाव त्याला चांगला कळतो. दुसरं, पावसाचे विधी पावसाळा तोंडावर आल्यावर होतात, उन्हाळ्याच्या मध्यात नाहीत. पहाटेचे विधी उजाडायच्या वेळी होतात, रात्री लोक सरळ दिवा लावतात. आणि तिसरं, आपण जिवलग माणसाच्या फोटोचं चुंबन घेतो तेव्हा त्याने त्या माणसावर काही परिणाम होईल असा आपला सिद्धांत नसतो. काहीच सिद्धांत नसतो. आपण ते करतो आणि केल्यावर बरं वाटतं.

आता दर्भाच्या कावळ्याकडे या. कावळा शिवणं ही जर आत्म्याच्या समाधानाची मोजणी असेल, तापमापकातल्या पाऱ्यासारखी, तर गवताचा कावळा करून आपल्याच हाताने टेकवणं ही शुद्ध लबाडी झाली. पारा चढेना म्हणून पेनाने रेघ ओढल्यासारखी. अण्णांच्या प्रयोगशाळेत कुणा पोराने असं केलं असतं तर त्याला बाकावर उभं केलं असतं. पण घाटावर कुणालाच फसवणूक झाल्यासारखं वाटलं नाही, अण्णांनाही नाही. ज्यांनी हा विधी घडवला त्यांनी कावळा न येण्याची सोय विधीतच करून ठेवली आहे. सिद्धांत मोडला तरी चालेल, क्रिया अडता कामा नये. हे पाहिल्यावर, इथे मुळात सिद्धांत होता का, असा प्रश्न पडायला हवा.

खरं तर हा प्रश्न मराठी माणसाला लवकर पडायला हरकत नव्हती, कारण आपली भाषा तो गेली कित्येक शतकं बोलते आहे. आपण 'देव मानता का?' असं विचारतो. मानणं म्हणजे आहे असं धरणं, आणि मानणं म्हणजे मान देणंही. 'आम्ही खंडोबाला मानतो' याचा अर्थ आम्ही जेजुरीला जातो, तळी भरतो, घरात लग्न झालं की जागरण घालतो. 'खंडोबा अस्तित्वात आहे असं आमचं मत आहे' असा त्याचा अर्थ कुणी लावला तर समोरचा हसेल. धर्म आपण पाळतो, उपास धरतो, माळ घालतो, नवस फेडतो, वारी चुकवत नाही. सगळी क्रियापदं हातापायांची. सोयरीक जुळवताना कुणी 'तुमची ईश्वरविषयक भूमिका काय' असं विचारत नाही. 'तुमच्यात गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या?' असं विचारतात.

श्रद्धा या शब्दाचंही तसंच. श्रत् म्हणजे हृदय आणि धा म्हणजे ठेवणं, असा त्याचा उगम भाषाशास्त्रज्ञ लावतात. लॅटिनमधला 'क्रेडो' हा त्याचा सख्खा भाऊ. हृदय ठेवणं ही मत बाळगण्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. आणि श्रद्धेने जे करायचं ते श्राद्ध. विश्वास सांगणारा शब्दच पुढे कृतीचं नाव झाला.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञांना मात्र हे सगळं अलीकडचा शोध असल्यासारखं वाटतं. केव्हिन शिलब्रॅक या अमेरिकी अभ्यासकाने २०१४ साली एक जाहीरनामावजा पुस्तक लिहून आपल्याच शाखेला सुनावलं की तुम्ही धर्माच्या नावाखाली जेमतेम एकदोन धर्मांचा विचार करता, तोही फक्त मतांचा, आणि धर्माचा अभ्यास करणाऱ्या इतर शाखांकडे ढुंकून बघत नाही. बरोबरच आहे. पण मौज अशी की ज्यांच्या नावावर ती मतं खपवली जातात त्यांनी स्वतः ती तशी मांडलेलीच नव्हती.

अॅन्सेल्म हा अकराव्या शतकातला ख्रिस्ती संन्यासी घ्या. देवाच्या अस्तित्वाचा जो पुरावा प्रत्येक पाठ्यपुस्तकात पहिला येतो, तो याचा. ज्याच्याहून थोर कशाची कल्पनाच करता येत नाही, तो देव. असा देव फक्त मनात असेल आणि प्रत्यक्षात नसेल, तर प्रत्यक्षात असलेला त्याच्याहून थोर ठरेल. म्हणजे मूळ व्याख्याच मोडली. म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे. नऊशे वर्षं लोक याची चिरफाड करताहेत. कांटने केली, आजही बी. ए. ची मुलं करतात. पण मूळ 'प्रोस्लोगिऑन' उघडून बघावं. १०७७-७८ च्या सुमाराचं, नॉर्मंडीतल्या बेक इथल्या मठात लिहिलेलं. ती एक प्रार्थना आहे. पहिलं अख्खं प्रकरण देवाला आळवण्यात गेलंय, आणि तो प्रसिद्ध युक्तिवाद 'तू'ला उद्देशून आहे. लिहिणारा संन्यासी दिवसातून अनेक वेळा ठरलेल्या घटकेला उठून स्तोत्रं गाणारा. त्याला कुणा नास्तिकाला हरवायचं नव्हतं; रोज जे गातो त्याचं काही कळतंय का एवढंच बघायचं होतं. पुस्तकाला त्याने आधी दिलेलं नावही 'समजेच्या शोधात निघालेली श्रद्धा' अशा अर्थाचं होतं.

प्रार्थना असल्याने युक्तिवाद बरोबर ठरत नाही, हेही खरं. पण आपण जे तपासतोय ते मुळात काय होतं, हे तरी माहीत हवं. अभंग चालीपासून तोडून घ्यावा आणि त्याचं संदर्भासह स्पष्टीकरण लिहून चार गुण मिळवावेत, तसलं हे झालं. गुण मिळतात. अभंग राहतो बाहेर.

पास्काल या सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञाचंही असंच. 'देवावर पैज लावा, जिंकलात तर सगळं मिळतं, हरलात तर काही जात नाही' एवढंच त्याच्या नावावर सांगतात. पण त्याच उताऱ्यात पुढे समोरचा म्हणतो, पटतंय, पण माझा विश्वासच बसत नाही, काय करू? त्यावर पास्कालचा सल्ला पुरावे आणखी वाचण्याचा नाही. चर्चमध्ये जा, तीर्थ घे, प्रार्थना कर, आधीचे लोक जसं करत आले तसं करत राहा. हळूहळू बसेल. मला हा सल्ला थोडा चलाख वाटतो, पण माणसाचा स्वभाव त्याने बरोबर ओळखलाय.

तरीही कृतीला पहिला मान देण्यात सगळ्यात पुढे कुणी गेलं असेल तर ते आपले मीमांसक, म्हणजे वेदातल्या विधिवाक्यांचा अर्थ लावणारे. मीमांसा म्हटलं की आज लोक घाबरतात, आणि 'कर्मकांड' हा शब्द तर संतांनी आणि सुधारकांनी असा काही झोडपला की तो शिवीच झालाय. पण मीमांसकांचा प्रश्न फार धारदार होता. जैमिनीच्या सूत्रांचा आरंभ धर्माच्या जिज्ञासेने होतो आणि लगेच दुसऱ्या सूत्रात व्याख्या येते: चोदनालक्षणोऽर्थो धर्मः. चोदना म्हणजे 'कर' अशी प्रेरणा, आज्ञा. धर्म कळतो तो 'हे कर' या वाक्यातून, 'हे असं आहे' या वाक्यातून नव्हे. वेदात जगाबद्दल, देवांबद्दल जी वर्णनं येतात ती अर्थवाद, म्हणजे करणाऱ्याला हुरूप यावा म्हणून केलेली भलावण. फ्रेझर जे मुख्य धरून बसला ते यांच्या लेखी तोंडी लावणं.

मग देवांचं काय? इथे भाष्यकार शबर, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा, असा काही बोलतो की आजही अंगावर काटा येतो. देवतेला शरीर नाही, ती हविर्भाग खात नाही, प्रसन्न होऊन फळ देत नाही. यज्ञात देवता लागते ती 'इंद्राय', 'अग्नये' असं चतुर्थी विभक्तीत नाव घेण्यापुरती. त्यावर समोरचा म्हणतो, कसं खात नाही? मधमाशी फुलातला रस घेते तशी देवता अन्नातलं सत्त्व घेते, म्हणून तर नैवेद्याचं अन्न नंतर बेचव लागतं. शबराचं उत्तर असं की ते गार झालेलं असतं आणि त्याला वारा लागलेला असतो, म्हणून बेचव लागतं. स्वयंपाकघरात आयुष्य घालवलेल्या कुठल्याही बाईने हेच सांगितलं असतं. आणि एवढं सांगून हा माणूस यज्ञ सोडा म्हणत नाही, उलट तो नेमका कसा करायचा यावर पानांमागून पानं लिहितो. फ्रेझरच्या चौकटीत हा बसूच शकत नाही. देवाला खाऊ घालण्याचा सिद्धांत मोडीत काढला तरी कृती जागच्या जागी.

(शंकराचार्यांना हे मान्य नव्हतं, कारण त्यांच्या लेखी मोक्ष ज्ञानानेच मिळतो, कर्माने नाही. पण तो वाद या लेखात काढला तर आपण घाटावर परत पोचणार नाही.)

याच वाटेने विसाव्या शतकात फ्रिट्स स्टाल नावाचा डच पंडित टोकाला गेला. एप्रिल १९७५ मध्ये केरळात पांजाळ इथे नंबुद्री ब्राह्मणांनी बारा दिवसांचं अग्निचयन केलं, हजाराहून जास्त विटांची पक्ष्याच्या आकाराची वेदी रचून. स्टालने त्याचं सगळं चित्रण आणि ध्वनिमुद्रण करवून घेतलं. करणाऱ्यांना 'का करता?' असं विचारलं की उत्तरं यायची: पूर्वज करत आले म्हणून, आमचा अधिकार आहे म्हणून, समाजाला बरं म्हणून. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. मात्र कसं करायचं याबाबत तसूभर चूक खपायची नाही. यावरून स्टालने निष्कर्ष काढला की विधीला अर्थच नसतो. व्याकरणासारखे नियम असतात, बस्स. मला हे पटत नाही. 'का'चं उत्तर प्रत्येकाचं वेगळं असलं म्हणून अर्थ नाही असं होत नाही. लग्न का केलंस, असं वीस जणांना विचारून बघा.

कृती हीच धर्माचा सांगाडा असते याचा मला माहीत असलेला सगळ्यात सुंदर दाखला मात्र ग्रंथांतला नाही, अलिबागकडचा आहे. कोकणातले बेने इस्राएल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं आणि बरोबरचे ग्रंथ समुद्रात गेले. पुढे शतकानुशतकं बाहेरच्या ज्यूंशी संबंध जवळपास नाही, हिब्रू विसरली, धर्मशास्त्र नाही, पंडित नाहीत. उरलं काय? शनिवारी काम करायचं नाही. मुलाची आठव्या दिवशी सुंता. काय खायचं आणि काय नाही याचे नियम. आणि 'शमा' या प्रार्थनेची सुरुवात, तोंडी. घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शेजाऱ्यांनी नाव ठेवलं शनवार तेली. पुढे बाहेरच्या ज्यूंनी त्यांना ओळखलं ते या खुणांवरून. तुम्ही नक्की काय मानता, अशी तोंडी परीक्षा पहिल्या दिवशी घेतली असती तर बहुधा नापास झाले असते. एलियाहू हन्नावी या नबीच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा आजही होतो. पोहे कोकणातले, नबी इस्राएलचा.

यावर कुणी म्हणेल, ठीक, पण हे सगळं समाजशास्त्र झालं. यात तत्त्वज्ञान कुठे? तत्त्वज्ञानाचा विषय ज्ञान आहे, आणि इथे मुद्दा असा की काही ज्ञान केल्याशिवाय येत नाही. गिल्बर्ट राईल या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने १९४९ साली 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक कसं करायचं ते कळणं' यांतला फरक ठासून मांडला. मराठीत त्यासाठी दोन वेगळी क्रियापदंच आहेत. पोहण्याबद्दल मला माहीत असतं. पोहता मला येतं.

पालखी सोहळ्यात मुक्कामावर समाजआरती होते तेव्हा हे दिसतं. माउलींच्या तळावर सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या, हजारो टाळ एकदम चाललेले, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चोपदार चोप उंच करतात आणि क्षणात सगळं शांत. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, काय झालं ते विचारतात, निवाडा होतो, मग ते टाळ थांबतात. हजारो माणसांत एक गाऱ्हाणं ऐकलं जाण्याची ही रीत, आणि ऐकलं जाईपर्यंत आरती थांबण्याची. समतेवरचं विधान म्हणून हे कुठे लिहिलेलं नाही. ज्याने त्या शांततेत एकट्याने टाळ वाजवलाय त्याला एकटं पडणं आणि ऐकलं जाणं या दोन्ही गोष्टींबद्दल असं काही माहीत असतं जे मला वाचून कळलेलं नाही.

इथवर आलं की एक मोह होतो. धर्म म्हणजे फक्त कृती, त्यात खरंखोटं काही नसतंच, असं म्हणून टाकण्याचा. वेल्समधल्या स्वान्झीचा डी. झेड. फिलिप्स विटगेनस्टाइनच्या वाटेने या टोकाजवळ पोचला. १९६५ साली प्रार्थनेवर लिहिताना त्याने मांडलं की प्रार्थना म्हणजे कुणाकडून काही काम करून घेणं नव्हे, ती आपल्या आयुष्याकडे एका तऱ्हेने पाहणं आहे. कै नील्सन या टीकाकाराने १९६७ साली यावर हल्ला चढवला: अशाने धर्म टीकेच्या पलीकडे जाऊन बसतो. बाहेरच्याने बोलायचं नाही, कारण तो खेळात नाही. आतल्याला बोलायची गरज नाही, कारण तो खेळात आहे.

मला नील्सनपेक्षाही आमच्या थोरल्या काकूंचा आक्षेप जास्त बोचतो. अण्णांचं औषधपाण्याचं वचन मी एकदा काकूंपाशी असंच 'समजावून' सांगत होतो की बोलून टाकणं हीच तिथे कृती असते, ऐकणारा असो नसो. अण्णा शेजारीच होते, त्यांनी दुजोरा दिला, "दादाने ऐकलं की नाही ठाऊक नाही, पंचवीस माणसांनी ऐकलंय." झकास उत्तर. समाजशास्त्राची दोन पुस्तकं त्यात मावतात. काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऐकलं की. ऐकलं म्हणून काय लगेच उतरतील? त्यांचा राग असा दहा मिनिटांत जायचा होय!"

म्हणजे काकूंना दर्भाच्या कावळ्याने फसवलं नव्हतं. खरा कावळा आला नव्हता हे त्या विसरल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी तिथे कुणीतरी होतं, रागावलेलं, ऐकणारं. माझं 'ही फक्त कृती आहे' हे स्पष्टीकरण त्यांच्यापुढे ठेवलं तर तो त्यांचा धर्म नव्हेच. कृतीकडे बघा म्हणणाऱ्यांनी करणाऱ्याचं म्हणणंही ऐकायला हवं, नाहीतर आपणही फ्रेझरच, फक्त उलट्या अंगाचे: तो म्हणाला तुम्ही चुकीचं मानता, आपण म्हणतो तुम्ही काही मानतच नाही. खरी अडचण अशी की एकाच घाटावर, एकाच विधीत, अण्णा आणि काकू वेगवेगळं काहीतरी करत होते, आणि विधी दोघांनाही पुरला.

आता ताईचं सांगायचं राहिलं. पिंड मांडायच्या आधी ती पुढे झाली होती. "मी बसते." गुरुजींनी आवाज न चढवता सांगितलं, "सख्खा भाऊ हजर आहे, मुलीचा अधिकार येत नाही." ती मागे येऊन उभी राहिली. पिंडाला लांबून नमस्कार केला. त्या दिवशी कुणी वाद घातला नाही, मीही नाही.

अधिकार हा शब्दही मीमांसेचाच. जैमिनीच्या सहाव्या अध्यायात चर्चाच आहे की यज्ञ करायचा कुणी. विधिवाक्यात पुल्लिंग आहे म्हणून फक्त पुरुषाने, असं ऐतिशायन नावाचा आचार्य म्हणतो. जैमिनी ते खोडून स्त्रीलाही अधिकार देतो. शूद्राच्या बाबतीत बादरी हा दुसरा आचार्य म्हणतो सगळ्यांना अधिकार आहे, आणि जैमिनी ते नाकारतो. कृती हे निरागस क्षेत्र नाही हे त्या जुन्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. कोण पुढे बसेल, कोण लांबून हात जोडेल, कुणाची सावली कुठे पडेल, यात माणसांबद्दलची मतं शब्दांपेक्षा स्पष्ट लिहिलेली असतात. 'सगळे समान' हे वाक्य देवळात कितीही वेळा म्हटलं जावो, चोखामेळ्याची समाधी पंढरपूरच्या देवळाबाहेर नामदेव पायरीपाशी आहे, आणि त्याच्या माणसांना पायरी चढून आत जाता यावं म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा त्यांना त्या वाटेत महाराष्ट्र सापडला, आणि त्याच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायकांच्या पंगती वेगळ्या बसतात हे सलतही राहिलं. दोन्ही त्यांनी लिहिलं.

म्हणून कृतीचा विचार म्हणजे कृतीला माफी नव्हे. उलट, विधानांची चिरफाड करणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या हातून जे निसटतं ते इथे पकडता येतं. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्या या नजरेने वाचाव्यात. पहिलीच घ्या: ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही आणि त्यांची उपासना करणार नाही. मानणं आणि उपासना, दोन्ही वेगवेगळी नाकारलेली, कारण एक सोडून दुसरं मागच्या दाराने आत येतं हे त्यांना माहीत होतं. आणि सहावी प्रतिज्ञा: श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. श्राद्ध ही निरर्थक हातवाऱ्यांची मालिका असती तर ती नाकारायला प्रतिज्ञा लागली नसती. ती नाकारणं म्हणजे कोण कुणाचा पुरोहित, कुणाचं पाणी कुणाला चालतं, या सगळ्या रचनेला नकार. हा नकार फ्रेझरच्या नकाराहून कितीतरी जाणता आहे. आणि जोतीराव फुले १८९० साली गेले तेव्हा दत्तक मुलाच्या हक्कावरून तंटा उभा राहिला, आणि सावित्रीबाईंनी टिटवं, म्हणजे विस्तवाचं मडकं, स्वतः हातात धरून अंत्ययात्रेपुढे चालायला सुरुवात केली असं सांगतात. अधिकाराच्या प्रश्नावर मला माहीत असलेला हा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात पुरा युक्तिवाद आहे.

काकांचं वर्षश्राद्ध घरीच झालं. यावेळी ताईने आदल्या महिन्यातच सांगून टाकलं होतं की बसणार मी, नाहीतर श्राद्ध नाही. तेच गुरुजी आले. पाटावर ताईला बघून दोन क्षण थांबले, अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी वर्तमानपत्र उघडलं, आणि गुरुजींनी पळी-पंचपात्र मांडायला घेतलं. काय विचार केला त्यांनी, कोण जाणे. संकल्प सांगताना एका ठिकाणी अडखळले, तिथे व्याकरण बदलावं लागणार होतं. मनाशी जुळवून पुढे गेले.

दुपारी गच्चीवर पान ठेवलं. कावळ्यांचा पत्ता नव्हता. काकू कठड्याशी उभ्या राहून वाट पाहत होत्या, आम्हाला भूक लागलेली. तेवढ्यात अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढलं. दर्भाचा कावळा. सकाळीच वळून ठेवलेला, दोऱ्याने घट्ट बांधलेला, मापात.

गुरुजींनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "चोच राहिली," म्हणाले, आणि एक काडी मोडून तिथल्या तिथे खोचली.